पोरगं आग टाकायलंय!

हिवाळ्यात देशभर कूचबिहार ट्रॉफी चालू असते. एकोणीस वर्षांखालच्या पोरांची ही चार-चार दिवसांची स्पर्धा बघायला मैदानावर असतं कोण? चार-दोन पालक, निवड समितीतले एक-दोघं, आणि सीमारेषेपलीकडे गेलेला बॉल परत फेकायचं काम न मागता मिळालेला मैदानाचा रखवालदार. पण त्याच वेळी नांदेडच्या वजिराबादेत, नाही तर लातूरच्या गंजगोलाईत, चहाच्या हॉटेलात एक गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल हातभर लांब धरून त्याच सामन्याचा धावफलक वाचत बसलेला असतो. महाराष्ट्राच्या कुण्या पोरानं अकरा ओव्हरमध्ये तिघांना उडवलंय. सामना कोण जिंकतंय याच्याशी गृहस्थाला देणंघेणं नसतं. त्याचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं हाय पोरगं?"

हा मराठवाड्यातला आशावादी.

त्याला नुसता क्रिकेटचा चाहता म्हणून चालणार नाही. चाहते कोहलीसाठी जागतात, रोहितसाठी भांडतात, आयपीएलच्या संघांचे टी-शर्ट घालून फिरतात. आशावाद्याचं तिथं मन रमत नाही. जसप्रीत बुमराहबद्दल त्याला आदर आहे. पण बुमराहचं कौतुक करायला अख्खा देश बसलाय, त्यात आपण आणखी कशाला? त्याची नजर असते किनवट ते उमरगा या पट्ट्यात जन्मलेल्या, सध्या सतरा वर्षांच्या, सहा फुटी आणि अजून कुणाच्या डोळ्यांत न भरलेल्या फास्ट बॉलरवर. असं एखादं पोरगं दर दोन वर्षांनी सापडतंच. सापडलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "पोरगं आग टाकायलंय!"

बॅटिंगवाल्यांचं त्याला तेवढं अप्रूप नाही. खरं तर त्या खात्यात मराठवाड्याची झोळी रिकामी नाही. जालन्याच्या विजय झोलनं २०११-१२च्या मोसमात याच कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. बीडच्या सचिन धसनं २०२४च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारताची अवस्था ४ बाद ३२ झालेली असताना, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून सामना ओढून आणला. आशावादी हे सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "बॅट्समन काय, पुण्या-मुंबईतबी होतात. फास्टरला ज्वारीची भाकर लागती." या सिद्धांताला आहारशास्त्रात आधार नाही. पण गंजगोलाईत तो कुणी खोडूनही काढलेला नाही.

'आपल्याकडचा' कुणाला म्हणायचं, याचे त्याचे नियम महसूल खात्यापेक्षा पुष्कळ उदार आहेत. राजवर्धन हंगर्गेकर तुळजापूरचा, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातला. पण १६ ऑगस्ट १९८२ला लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. तेव्हा लातूरकराच्या हिशेबानं राजवर्धन घरचाच. पोरगं २००२ साली जन्मलं, विभाजनाला वीस वर्षं होऊन गेल्यावर, ही हरकत तिथं टिकत नाही. दिग्विजय देशमुख अंबाजोगाईचा, कागदोपत्री बीड जिल्हा. "पर अंबाजोगाईची माणसं लग्नाचा बस्ता कुठं बांधतेत? लातुरातच की!" मामला मिटला.

झहीर खान श्रीरामपूरचा. तो जिल्हा नगर, आणि नगरशी मराठवाड्याचं नातं पाण्यावरून तसं ताणलेलंच. पण ९२ कसोटींत ३११ विकेट घेणारा माणूस हातचा सोडायचा कसा? मग आशावादी भूगोल काढतो. श्रीरामपूरकडचं पाणी प्रवरेतून गोदावरीत, गोदावरीतून जायकवाडीत आणि तिथून पुढं नांदेडला येतं. वरच्यांनी सोडलं तर येतं, हे तो हळूच पुटपुटतो, पण येतं. नांदेडकराचा एक दावा आणखी मोठा आहे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यात होतं. त्यामुळे हैदराबादच्या रिक्षावाल्याच्या घरातून आलेला मोहम्मद सिराज विकेट काढायला लागला, की नांदेडचा आशावादी राज्यपुनर्रचनेला तेवढ्या ओव्हरपुरती स्थगिती देतो.

या संप्रदायाचं सोनेरी पान डिसेंबर २००१मधलं. ३ तारखेला मोहालीत इंग्लंडविरुद्ध कसोटी सुरू झाली आणि भारतानं एकाच दिवशी तिघांना कसोटीची टोपी दिली. एक केरळचा टिनू योहानन. दुसरा बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. तिसरा औरंगाबादचा फास्ट बॉलर इक्बाल सिद्दीकी. तीन नव्या गड्यांपैकी दोन मराठवाड्याच्या मातीतले! आशावाद्याच्या मते त्या दिवशी मुंबईच्या आणि दिल्लीच्या मंडळींनी मैदानाबाहेर बसून टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

पुढचा तपशील त्याला तोंडपाठ असतो. सामना जिंकायला भारताला शेवटी ५ धावा हव्या होत्या. सलामीला दीप दासगुप्ताबरोबर चक्क इक्बाल सिद्दीकीला पाठवलं, आणि त्या पाचच्या पाच धावा त्यानंच काढल्या. मराठवाड्याच्या फास्ट बॉलरनं भारताला कसोटी जिंकून दिली, हे विधान म्हणूनच शंभर टक्के खरं आहे. फक्त बॅटनं जिंकून दिली. बॉलिंगमध्ये त्याच्या नावावर एक विकेट लागली. ती त्याची पहिली कसोटी आणि तीच शेवटची. "त्याला अजून दोन मॅच द्यायला पायजे होत्या," हे वाक्य नांदेडला २००१ साली म्हटलं गेलं आणि आजही चहा निवायच्या आत म्हटलं जातं.

वीस वर्षांनी दिवस फिरले. २०२२च्या जानेवारीत वेस्ट इंडिजमध्ये युवा विश्वचषक चालू होता. राजवर्धननं आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा ठोकल्या आणि बॉल हातात आला की फलंदाजांच्या पायाशी यॉर्कर पेरले. ५ फेब्रुवारीला भारतानं विश्वचषक जिंकला आणि आठवडाभरात आयपीएलचा लिलाव आला. राजवर्धनची मूळ किंमत ३० लाख. बोली चढत चढत दीड कोटीवर गेली आणि चेन्नई सुपर किंग्जनं त्याला उचललं. त्या दिवशी तुळजापूरपासून लातूरपर्यंत पिवळा रंग अचानक लोकप्रिय झाला. धोनी आता पोराला घडवणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. जी काही शंका होती ती एवढीच, की पहिल्या सामन्यात नवा बॉल देतील की मधल्या ओव्हर टाकायला लावतील.

२०२२चा अख्खा मोसम पोरगं बाकावर बसून राहिलं.

आशावाद्याची खरी कसोटी अशा वेळी लागते. टीव्हीवर चेन्नईचा सामना चालू आहे, आणि तो बघतोय बॅट-बॉलकडे नाही, तर सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणाऱ्या पोरांकडे. कॅमेरा अर्धा सेकंद त्या बाजूला वळला की घरात आरडाओरडा. "ते बघ, ते बघ, मागं टोपी घालून बसलंय!" घरच्यांना धावसंख्या हवी असते, त्याला टोपी दिसलेली असते. पाहुण्यांनाही तो सामना थांबवून ती टोपी दाखवतो.

फळ ३१ मार्च २०२३ला मिळालं. अहमदाबाद, मोसमाचा पहिलाच सामना, समोर गतविजेता गुजरात. राजवर्धननं ३६ धावांत ३ विकेट घेतल्या. चेन्नई हरली, पण तुळजापुरात आणि लातुरात ही बाब कुणी मनावर घेतली नाही. जुलैत कोलंबोत इमर्जिंग आशिया चषकात पाकिस्तान 'अ' संघाविरुद्ध त्यानं ४२ धावांत ५ विकेट काढल्या. आता काय, भारतीय संघाचं दार ढकलायचंच बाकी राहिलं! पण आयपीएलच्या त्या मोसमात दोन सामन्यांवर त्याची गाडी थांबली. पुढच्या मोठ्या लिलावात लखनौनं त्याला घेतलं ते ३० लाखांना, म्हणजे जिथून सुरुवात केली त्याच आकड्याला. आशावाद्याला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणतो, "आता दबाव नाही. आता खेळतंय बघा पोरगं." पोराचं वय तरी किती, पंचविशीसुद्धा नाही. त्याचं म्हणणं अजून कुणाला खोडून काढता आलेलं नाही.

दिग्विजयची कथा तर सिनेमातूनच निघाली. २०१३ साली आलेल्या 'काय पो चे'मध्ये अली नावाच्या पोराची भूमिका त्यानं केली होती. सिनेमातला अली सिक्सर मारणारा जन्मजात बॅट्समन. प्रत्यक्षात तो मोठा झाला मध्यमगती बॉलिंग करणारा अष्टपैलू म्हणून. डिसेंबर २०१९मध्ये महाराष्ट्राच्या रणजी संघात आला आणि त्याच महिन्यात मुंबई इंडियन्सनं त्याला २० लाखांना घेतलं. मुंबईकडून सामना काही मिळाला नाही. आशावाद्यानं मात्र त्या वर्षी सिनेमा पुन्हा पाहिला, आणि घरच्यांना सुशांतसिंह राजपूतचा अभिनय सोडून अलीच्या बॉल फेकण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यायला लावलं.

या सगळ्याच्या नोंदीसाठी आशावाद्याकडे एक वही असते. बहुतेक वेळा ती कुठल्या तरी बँकेनं किंवा खतांच्या दुकानानं फुकट दिलेली जुनी डायरी असते. तिच्यात पोराचं नाव, गाव, उंची, विकेट आणि वेग. वेगाचा रकाना सगळ्यात मनोरंजक. जिल्ह्याच्या मैदानावर स्पीडगन नसते. तरी वहीत १३८, १४१ असे नेमके आकडे असतात. कसे मोजले? "बॉल कीपरच्या ग्लोव्हजमध्ये गेला की आवाज येतो की. आवाजावरून कळतंय." दोन आशावादी शेजारी उभे राहिले तर एकाच बॉलचा वेग एकाला १३५ ऐकू येतो आणि दुसऱ्याला १४२. मग मध्यम मार्ग म्हणून १३९वर तडजोड होते. पोरगं कुठलं आहे यावरही दोन-तीन किलोमीटर वरखाली होतात.

हा आजार फक्त आपल्याकडचा, असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यांत तो शंभर वर्षं मुरलेला आहे. तिथं मोठ्या संघांच्या खाली लहान गावांतल्या दुय्यम संघांची उतरंड आहे: रूकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. अठरा-एकोणीस वर्षांचे पिचर, म्हणजे त्यांच्याकडचे बॉलर, या पायऱ्या चढत असतात आणि चाहते खालच्या पायरीवरच्या पोराचेसुद्धा आकडे रोज सकाळी तपासतात. त्यांचा इक्बाल सिद्दीकी म्हणजे स्टीव्ह डालकोव्स्की. बाल्टिमोर ओरिओल्सच्या दुय्यम संघांतला हा पिचर इतका वेगवान होता, की समोर उभं राहायला लोक कचरत. बॉल जाईल कुठं, हे मात्र त्याला स्वतःलाही ठाऊक नसे. १९६० साली स्टॉकटनच्या संघाकडून त्यानं १७० डावांत २६२ जणांना बाद केलं, आणि बरोबर २६२ जणांनाच दिशा चुकलेले चेंडू टाकून फुकट चाल दिली. त्याचा वेग मोजायला १९५८ साली त्याला लष्कराच्या अॅबर्डीनच्या चाचणी केंद्रावर नेलं होतं. तिथल्या यंत्रानं ताशी साधारण दीडशे किलोमीटर दाखवला. चाहत्यांनी यंत्र चुकलं असा निकाल दिला. नांदेडच्या वहीवाल्यांना हे ऐकून परकं वाटायचं कारण नाही.

डालकोव्स्की मोठ्या संघात कधीच खेळला नाही. १९६३च्या वसंतात, आता निवड होणार अशी वेळ आलेली असताना, सरावसामन्यात त्याचं कोपर गेलं.

भारतीय पोरंही त्या उतरंडीत जाऊन आली आहेत. २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या स्पर्धेत देशभरातून बॉल जोरात फेकणारी पोरं शोधली गेली. त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निघाले. पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांना करारबद्ध केलं आणि २००९ साली ते सगळ्यात खालच्या पायरीवर खेळले. मोठ्या संघापर्यंत दोघंही पोचले नाहीत. त्यांच्यावर हॉलिवूडचा सिनेमा मात्र निघाला, आणि रिंकू पुढं व्यावसायिक कुस्तीत वीर महान झाला. नांदेडच्या आशावाद्याला यात एकच खटकतं: स्पर्धा घेणाऱ्यांना मराठवाड्याची वाट कशी सापडली नाही?

आपल्याकडची उतरंडही काही लहान नाही. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून पुण्याची निवड चाचणी. चौदा वर्षांखाली राजसिंग डुंगरपूर ट्रॉफी, सोळाखाली विजय मर्चंट, एकोणीसखाली विनू मंकड आणि कूचबिहार, तेविसाखाली सी. के. नायुडू, आणि मग रणजी. सोळाखालच्या वयोगटात तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासतात. त्यामुळे आशावाद्याची शब्दसंपदा वाढली आहे. "पोरगं कागदावर पंधराचं, पर हाड सतराचं निघालं" हे तो ज्या गांभीर्यानं सांगतो, त्या गांभीर्यानं अस्थिरोगतज्ज्ञही बोलत नसतील.

या प्रत्येक पायरीचा रस्ता पुण्यावरून जातो. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं स्टेडियम गहुंज्याला. नांदेडहून पनवेलला जाणारी एक्स्प्रेस परळी, लातूर, कुर्डुवाडी करत रात्रभर धावते आणि सकाळी पोरांना पुण्यात उतरवते. क्रिकेटची लांबलचक बॅग वरच्या बर्थवर मावत नाही, म्हणून ती खालच्या दोन बर्थच्या मधे आडवी, आणि तिच्यावर पाय ठेवून बापाची अर्धी झोप. सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन थेट मैदान. चाचणीत वाट्याला येतात जेमतेम दोन-चार ओव्हर. ज्या पोराची झोप पुण्यातल्या स्वतःच्या घरी झालेली असते, ते पोरगं शेजारी टवटवीत उभं असतं. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली तेव्हा सहा संघ होते. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातला एक आला, छत्रपती संभाजी किंग्ज, आणि त्याचा बिनीचा खेळाडू राजवर्धनच होता. नांदेड-लातूरच्या नावाचा संघ त्यात नव्हता. आशावाद्यानं स्वतःच्या मनात तो केव्हाच काढलेला आहे. नुसते मालक मिळायचे बाकी आहेत.

लातूरच्या पोराला आणखी एक अडचण आहे. फास्ट बॉलरला पाठीचा, गुडघ्याचा, घोट्याचा त्रास होतो, असं डॉक्टर सांगतात. लातुरात फास्ट बॉलरला होणारी सगळ्यात जुनाट दुखापत म्हणजे अकरावी. दहावीचा निकाल लागतो त्याच वर्षी पोराची उंची वाढलेली असते, खांदे भरलेले असतात, बॉल उसळायला लागलेला असतो. आणि त्याच वर्षी 'लातूर पॅटर्न' दारात उभा राहतो. चौकाचौकांत नीटचे गुण आणि फोटो छापलेले फलक. गावोगावची पोरं शिकायला लातुरात येऊन खोल्या करून राहिलेली. आणि आपलं पोरगं मात्र मॅट अंथरायला मैदानावर? आई एकच वाक्य बोलते, "बारावी होऊ दे, मग बघू." बारावीनंतर पोरगं एमबीबीएसला जातं. लातूर परिसरातल्या दवाखान्यांत असे चांगले आत येणारे बॉल टाकणारे बरेच डॉक्टर सापडतील, असा आशावाद्याचा दावा आहे. तो झहीरचा दाखला देतो: इंजिनिअरिंग की क्रिकेट असा प्रश्न आला तेव्हा झहीरच्या वडिलांनी क्रिकेटचा कौल दिला होता. हा दाखला त्यानं घरी स्वतःच्या मुलाच्या बाबतीत दिला होता का, असं विचारलं की तो चहा मागवतो. मुलगा बी.फार्म.ला आहे.

आणि पाणी. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्ट्यांवर पाणी मारायचं आणि लातूरनं घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं, हे न्यायालयाला पटलं नाही. अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला गेला. लातूरचा आशावादी त्या वर्षी धर्मसंकटात होता. निकाल त्याला शंभर टक्के मान्य होता, कारण हंडे त्याच्याही घरचे रिकामे होते. पण देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा आपल्या तहानेमुळे राज्याबाहेर गेली, याचा थोडा चोरटा अभिमानही होता. लातूरचं नाव क्रिकेटच्या बातमीत एवढ्या ठळक अक्षरांत त्याआधी आलं नव्हतं.

टर्फ विकेट जपायची तर रोज पाणी आणि रोज रोलर लागतो. म्हणून इकडची बरीच पोरं मॅटवर वाढतात. रविवारी सकाळी साडेसहाला जाऊन बघावं. दोघं मॅटची गुंडाळी सोडतात, तिसरा खिळे ठोकतो, हातोडा विसरलेला असल्यानं दगडानं. एक कोपरा हमखास उचकटलेला राहतो आणि तिसऱ्या ओव्हरला बॉल त्याच्यावर पडून उसळला की ओरडा होतो, "काय बाउन्सर हाय बे!" पोराचा रन-अप मोटारसायकली लावल्यात तिथून सुरू होतो. खुणेला चप्पल ठेवलेली. पहिल्या चार पावलांत माती, मग गवत, मग पुन्हा माती, आणि शेवटी मॅटच्या कडेवर पाय पडतो तेव्हा घोट्याचं काय व्हायचं ते होतं. स्टंपच्या मागे आशावादी मंडळी हाताची घडी घालून. पोराची सहावी ओव्हर संपते. ते कमरेवर हात ठेवून वाकतं. "अजून एक टाक रे! लय घुमायलाय बॉल!" पोरगं टाकतं. आठवी टाकतं. मोठ्या माणसांनी सांगितल्यावर नाही म्हणायची पद्धत इकडे नाही.

हेच पोरगं संध्याकाळी टेनिस बॉलवर असतं. आमदार चषक, नगरसेवक चषक, कुणाच्या तरी वाढदिवसाचा चषक. फ्लडलाइट, डीजे, स्टेजवर मोठा फ्रिज बक्षीस म्हणून उभा करून ठेवलेला. दोन सामने, प्रत्येकी दोन ओव्हर, सुटून टाकायचं. सकाळच्या नेटमधले साठ बॉल, सामन्यातल्या आठ ओव्हरचे अठ्ठेचाळीस, संध्याकाळचे चोवीस. बेरीज १३२ होते. ही बेरीज वहीत नसते.

अमेरिकेत ही बेरीज करायला लोक फार उशिरा शिकले, आणि ठेचा खाऊन शिकले. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, आणि ती शस्त्रक्रिया आता त्या खेळाडूच्या नावानंच ओळखली जाते. आज ती करून घेणाऱ्यांत शाळकरी पोरंही असतात. २०१४ साली तिथल्या मेजर लीगनं आणि यूएसए बेसबॉलनं मिळून मुलांसाठी चेंडूंची मर्यादा ठरवली: तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकायचे, आणि आकडा ६६ किंवा त्याहून वर गेला तर चार दिवस विश्रांती. तिथल्या आकडेतज्ज्ञांत तर नव्वदच्या दशकापासून एक तिरकस वचन फिरतंय, की होतकरू पिचर असा काही प्रकारच नसतो. हात कधी जाईल ते सांगता येत नाही.

आपल्याकडे कमलेश नागरकोटीचं उदाहरण ताजं आहे. २०१८च्या युवा विश्वचषकात राजस्थानच्या या पोराच्या वेगानं सगळे हबकले. कोलकात्यानं त्याला ३ कोटी २० लाखांना घेतलं, आणि पाठ-पायाच्या दुखापतींनी २०१८ आणि २०१९ हे दोन्ही मोसम खाल्ले. कोलकात्याकडे फिजिओ होते, पैसे होते, वाट बघायची तयारी होती. पोरगं २०२०मध्ये मैदानात उतरलं. उदगीरच्या किंवा देगलूरच्या पोराची पाठ गेली तर त्याच्याकडे काय असतं? गरम पाण्याची पिशवी, आयोडेक्स, आणि "दोन दिवस आराम कर" असं सांगणारे तेच काका, ज्यांनी आठवी ओव्हर टाकायला लावली होती.

तेव्हा नांदेड-लातूरच्या तमाम आशावादी मंडळींना एक विनंती आहे. झहीर आपलाच, सिराजही आपलाच, याबद्दल वाद नको. वेगही तुमच्या कानांना ऐकू येतो तेवढाच धरू. फक्त वहीत आणखी एक रकाना आखा: 'आज टाकलेले बॉल'. त्यात सकाळचे, दुपारचे आणि आमदार चषकाचे असे तिन्ही मांडा. आकडा शंभराकडे सरकायला लागला, की पोराच्या हातातून बॉल काढून घ्या आणि त्याला फाइन लेगला उभं करा. त्याची फिल्डिंग तशीही सुधारायलाच पाहिजे.